खालच्या लेव्हल गाळून थेट एलिट? अमेरिकेत मुलीला जिम्नॅस्टिक्सला घातलेल्या नव्या पालकांसाठी

मुलगी सात वर्षांची, वर्गात सगळ्यांत चपळ, कोचच्या तोंडून एकदोनदा ‘टॅलेंटेड’ असं ऐकलेलं. घरी हिशोब सुरू होतो: दर वर्षी एक लेव्हल धरली तर दहावी गाठेपर्यंत ही सतरा वर्षांची होईल, मग ऑलिंपिक कधी? खालच्या तीन-चार लेव्हल गाळता नाही का येणार?

काही गाळता येतात, काही एकाच मीटमध्ये, म्हणजे स्पर्धेत, उरकता येतात, उरलेल्या खेळाव्याच लागतात. नियम एवढाच आहे आणि तो खाली सविस्तर दिलाय. पण गाळण्याचा विचार डोक्यात आला असेल तर आधी पुढच्या पायऱ्या क्रमाने करा. निम्म्या घरांत हा प्रश्न तिसऱ्या पायरीलाच मिटतो. (हे सगळं मुलींच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्सबद्दल आहे. मुलांची रचना निराळी आहे.)

पायरी 1: शिडी नीट समजून घ्या

यूएसए जिम्नॅस्टिक्स या राष्ट्रीय संस्थेच्या डेव्हलपमेंट प्रोग्रॅममध्ये 1 ते 10 लेव्हल आहेत. जुन्या पालकांकडून ‘ज्युनियर ऑलिंपिक’ किंवा ‘जेओ’ ऐकाल. ते याच कार्यक्रमाचं आधीचं नाव. 1 ते 5 कंपल्सरी, म्हणजे देशभरातल्या सगळ्या मुली तेच ठरलेले रुटीन करतात, फ्लोअरचं संगीतसुद्धा तेच. 6 ते 10 ऑप्शनल: रुटीन प्रत्येकीचं वेगळं, पण त्यात काय असलंच पाहिजे आणि कितपत अवघड चालेल याची चौकट प्रत्येक लेव्हलला ठरलेली. स्किल्सना सोप्याकडून अवघडाकडे ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरं असतात. मधल्या लेव्हलमध्ये भर ए आणि बी वर असतो, वर जाल तशी मोकळीक वाढते आणि 10 ला अवघडपणाची मर्यादा राहत नाही. गुण चारही उपकरणांवर (व्हॉल्ट, बार्स, बीम, फ्लोअर) दहापैकी, म्हणून ऑलअराउंडचे, म्हणजे चारही मिळून, एकूण चाळीस.

एलिट ही लेव्हल 11 नव्हे. तो राष्ट्रीय संघाकडे आणि ऑलिंपिककडे नेणारा वेगळाच कार्यक्रम आहे. तिथे आंतरराष्ट्रीय कोड ऑफ पॉइंट्स लागतो आणि 2006 पासून त्यात ‘परफेक्ट टेन’ उरलेला नाही: काठिण्याचा डी-स्कोअर वर कितीही जाऊ शकतो, सफाईचा ई-स्कोअर दहातून कापत आणला जातो, आणि दोन्हींची बेरीज होते. तिथे प्रवेश मिळतो तो क्वालिफायर मीटमध्ये ठरलेले गुण काढून. लेव्हल 10 च्या नॅशनल्सला पदक मिळवणं ही त्याची अट नाही.

शेजारी एक्सेल नावाचा तिसरा रस्ता दिसेल: ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड असा चढता क्रम. तास कमी, खर्च कमी, नियम लवचिक. पुष्कळ मुलींसाठी हाच उत्तम रस्ता असतो, पण तो एलिटकडे नेण्यासाठी आखलेला नाही. एलिटचं स्वप्न असलेल्या मुलीचं नाव ‘आधी एक्सेलमध्ये घालू, मग बघू’ म्हणून तिथे घालू नका.

पायरी 2: गाळणं, उरकणं आणि वर ट्रेन करणं यांतला फरक ओळखा

पालकांच्या गप्पांत या तीन गोष्टींची सर्रास सरमिसळ होते.

गाळणं म्हणजे ती लेव्हल स्पर्धेत न खेळणं. लेव्हल 1, 2, 3 खेळायची सक्ती नाही. कित्येक क्लब मुलींना पहिलं मीट थेट 3 किंवा 4 चं खेळवतात. लेव्हल 6 देखील ओलांडून 5 वरून 7 ला जाता येतं आणि बरेच क्लब ते करतात. 4, 5 आणि 7 पासून पुढचे टप्पे मात्र ठरलेले गुण मिळवूनच पार करायचे. वरच्या लेव्हलला किमान वयाचीही अट आहे. नियमपुस्तिका वेळोवेळी सुधारली जाते आणि संस्थेच्या वेबसाइटवर फुकट वाचता येते. कोचशी बोलायला जाण्याआधी चालू हंगामाची प्रत उघडून ‘मोबिलिटी’ हा भाग वाचा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि पार्किंग लॉटमधल्या निम्म्या अफवा तिथेच गळून पडतात.

उरकणं म्हणजे स्कोअर आउट. पुढच्या लेव्हलला जायला लागणारे किमान गुण, म्हणजे मोबिलिटी स्कोअर, मान्यताप्राप्त मीटमध्ये एकदा मिळाले की पुढचं दार उघडतं. अख्खा हंगाम त्या लेव्हलवर काढायची गरज नाही. वेगाने जाणाऱ्या मुलींचं असंच होतं. हंगामाच्या सुरुवातीला 4 चं एक मीट, काही आठवड्यांनी 5 चं एक, आणि जानेवारीत ती 7 मध्ये उभी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं हिने दोन लेव्हल गाळल्या. तिने त्या गाळलेल्या नसतात; त्या लेव्हलचं काम आधीची दोन वर्षं जिममध्ये पक्कं होत होतं आणि मीट फक्त शिक्का मारायला होतं.

तिसरी गोष्ट अपट्रेनिंग, आणि खरा मुद्दा हाच आहे. स्पर्धा 4 ची, पण सरावात लेव्हल 6-7 ची स्किल्स: खड्ड्यातल्या फोमवर, हात पट्ट्यांनी बांधून स्ट्रॅपबारवर, जमिनीवरच्या ठेंगण्या बीमवर. एलिटकडे नजर असलेल्या क्लबमध्ये लहान मुलींचा बहुतेक वेळ यातच जातो. म्हणून तुमची मुलगी कुठल्या लेव्हलचं मीट खेळते यावरून ती कुठे निघालीय हे फारसं कळत नाही. ती आठवड्यात काय काय करते यावरून कळतं.

याची उलट बाजूही पाहून ठेवा. काही क्लब मुलींना मुद्दाम त्याच लेव्हलवर दुसरं, तिसरं वर्ष ठेवतात, कारण मग पदकं मिळतात, भिंतीवर बॅनर लागतात आणि पालक खूश राहतात. 37-38 गुण सहज काढणारी मुलगी पुन्हा त्याच लेव्हलला ठेवली जात असेल तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कधी कारण पटण्यासारखं असतं: बार्सवर ती घाबरते, पाठ अजून ताठ आहे, एखादं स्किल सुटलंय. कधी कारणच नसतं.

पायरी 3: वयाची घाई खरी आहे का ते तपासा

ऑलिंपिक आणि सिनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी मुलीला त्या कॅलेंडर वर्षात 16 पूर्ण व्हावी लागतात. हा नियम 1997 पासून आहे. नादिया कोमानेची 1976 मध्ये माँट्रिअलला 14 व्या वर्षी चमकली, डॉमिनिक मोचानू 1996 मध्ये अटलांटाला 14 वर्षांची होती; आज दोघींनाही संघात घेता आलं नसतं. म्हणजे बाराव्या वर्षी मुलगी कितीही तयार असली तरी पुढची तीन-चार वर्षं ती ज्युनियरच राहणार.

आता खऱ्या मुलींकडे पाहा. गॅबी डग्लस 2004 मध्ये, आठ वर्षांची असताना, व्हर्जिनियात लेव्हल 4 ची स्टेट ऑलअराउंड विजेती होती. आठ वर्षांनी, 2012 मध्ये लंडनला ती ऑलिंपिक ऑलअराउंड विजेती झाली. सिमोन बाइल्सने पहिलं एलिट मीट 2011 मध्ये, 14 व्या वर्षी खेळलं. त्याच वर्षी नॅशनल्सला ती चौदावी आली आणि ज्युनियर राष्ट्रीय संघातली जागा एका क्रमांकाने हुकली. दोन वर्षांनी ती जगज्जेती होती. जेड कॅरी तर ज्युनियर एलिट कधी झालीच नाही. 2017 मध्ये लेव्हल 10 वरून ती एलिटला आली आणि त्याच वर्षी वर्ल्ड्सला व्हॉल्ट आणि फ्लोअरवर रौप्यपदकं घेतली. टोकियोत फ्लोअरचं सुवर्ण तिचंच.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या अमेरिकन संघाची वयं बघा: बाइल्स 27, कॅरी 24, जॉर्डन चाइल्स 23, सुनी ली 21 आणि हेझली रिवेरा 16. ‘सोळाव्या वर्षी शिखर, अठराव्या वर्षी निवृत्ती’ हे चित्र आता जुनं झालंय.

यावरून वय अजिबात महत्त्वाचं नाही असं मात्र समजू नका. बहुतेक एलिट मुली अकरा ते चौदाच्या दरम्यान त्या कार्यक्रमात शिरतात, आणि ज्युनियर गट अकराव्या वर्षापासूनच सुरू होतो. नऊ-दहाव्या वर्षी मुलगी लेव्हल 7-8 च्या आसपास असेल तर ती वेळापत्रकात बसते. बाराव्या वर्षी लेव्हल 5 ला असेल तर एलिट अवघडच, पण लेव्हल 10 आणि कॉलेज अगदी आवाक्यात. सातव्या वर्षी लेव्हल 3 ला असलेल्या मुलीला कसलाही उशीर झालेला नाही. तिच्या आईबाबांनी पुढची पायरी वाचावी आणि लेव्हलचा प्रश्न वर्षभर बाजूला ठेवावा.

पायरी 4: क्लबची परीक्षा घ्या

माझं स्पष्ट मत आहे की मुलगी एलिट होईल की नाही यात लेव्हल गाळण्याचा वाटा नगण्य आणि क्लबचा वाटा प्रचंड असतो. अमेरिकेत हजारो जिम्स आहेत. त्यांतल्या थोड्याच जिम्सनी आजवर एखादी एलिट घडवली आहे. ज्या क्लबची सर्वांत वरची मुलगी लेव्हल 8 ला आहे, त्या क्लबमध्ये तुमच्या मुलीने तीन लेव्हल गाळल्या तरी ती पोचून पोचून आठपर्यंतच पोचेल, कारण पुढचं शिकवणारं तिथे कोणी नाही.

तर बघायचं काय? क्लबमध्ये आत्ता लेव्हल 9 आणि 10 च्या किती मुली आहेत आणि त्यांतल्या किती याच क्लबमध्ये लहानाच्या मोठ्या झाल्यात. दुसऱ्या क्लबमधून तयार होऊन आलेल्या तीन मुलींच्या जोरावर ‘आमच्याकडे लेव्हल 10 आहे’ म्हणणारे क्लब असतात. बार्सचा आणि व्हॉल्टचा कोच कोण आहे, तो किती वर्षं टिकलाय. फोमचा खड्डा, टम्बल ट्रॅक (उड्यांचा लांब, उसळता पट्टा), रेझी-पिट (मऊ गादी घातलेला खड्डा) आहे का. वरच्या गटातल्या किती मुली पट्ट्या बांधून, बाजूला बसून पोटाचे व्यायाम करताना दिसतात; एखाददुसरी असणारच, पण निम्मा गट तसा असेल तर तिथून परत फिरा.

कंपल्सरी मुलींचा सराव तासभर शांतपणे बघा. लेव्हल 4 ला बार्सवर किप लागते, म्हणजे लटकून झोका घेत सरळ हातांनी बारवर येणं. ती किप वाकड्या कोपरांनी कशीबशी वर चढणारी आहे की सरळ हातांची, हे नवख्या डोळ्यांनाही दिसतं. पुढे जायंट (बारभोवती पूर्ण फेरा), रिलीज (बार सोडून पुन्हा पकडणं), बार्सवरचं सगळंच किप आणि कास्ट हँडस्टँड (बारवर हातांवर उलटं उभं राहणं) यांवर उभं राहतं. फ्रंट हँडस्प्रिंग व्हॉल्टमध्ये खांद्यातून धक्का मिळतो की मुलगी टेबलावर नुसती कोसळून पलीकडे जाते, तेही पाहा. कंपल्सरी लेव्हलचा खरा उपयोग इथे आहे: पायाचे चवडे ताणलेले, गुडघे सरळ, हँडस्टँड अगदी सरळ उभा. ज्या मुली हे न होता ऑप्शनलला ढकलल्या जातात, त्यांना लेव्हल 8 च्या आसपास सगळं पुन्हा शिकावं लागतं, आणि दहा वर्षांच्या अंगातली सवय मोडणं सात वर्षांच्या अंगाला नवी लावण्यापेक्षा कितीतरी कठीण.

सुरक्षेबद्दल संकोच नको. राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने मुलींच्या केलेल्या लैंगिक शोषणाचं प्रकरण उघड झाल्यानंतर नियम कडक झालेत. मोठ्या माणसाने मुलीसोबत बंद खोलीत एकटं असणं चालत नाही, जे काही होईल ते इतरांना दिसेल आणि थांबवता येईल असंच व्हायला हवं. कोचने मुलीला खाजगी मेसेज पाठवू नयेत. पाठवायचेच तर पालक त्यात असावेत. सराव पालकांना कधीच बघू न देणारा क्लब, वजनावरून टोमणे मारणारा कोच, दुखतंय म्हटल्यावर ‘नाटकं’ म्हणणारा कोच: यांपैकी एकही गोष्ट दिसली तर पदकांची भिंत कितीही मोठी असो, बाहेर पडा. तक्रारीसाठी यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्ट ही स्वतंत्र संस्था 2017 पासून काम करते.

पायरी 5: कोचशी बोला, पण वेळ साधून

वसंत ऋतूत हंगाम संपला की पुढच्या वर्षीचे गट ठरतात. बोलायची वेळ तीच. मीटच्या दिवशी किंवा सराव चालू असताना कठड्यावरून नाही. ईमेल करून भेटीची वेळ मागा.

‘हिला लेव्हल 4 गाळता येईल का?’ असा प्रश्न टाकलात तर ‘नाही’ हे उत्तर मिळेल आणि पुढचे दरवाजेही जरा घट्ट होतील. असे पालक कोचनी पुष्कळ पाहिलेले असतात. त्यापेक्षा विचारा: ‘पुढच्या दोन वर्षांत तुम्हाला ती कुठे दिसते?’ ‘ती कुठल्या स्किल्सवर अडकलीय?’ ‘4 आणि 5 एकाच हंगामात स्कोअर आउट करण्याजोगी ती आहे का, नसेल तर काय कमी आहे?’ ‘अपट्रेनिंगचा वेगळा गट आहे का आणि त्यात निवड कशी होते?’ कोचने नेमक्या स्किल्सची नावं घेऊन उत्तर दिलं तर चांगली खूण. ‘बघू, अजून लहान आहे’ एवढंच ऐकू आलं तर सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही तेच आलं तर दुसऱ्या क्लबचा ट्रायआउट द्यायला हरकत नाही.

भारतातून किंवा दुसऱ्या देशातून मुलगी खेळून आली असेल तर सगळी शिडी पहिल्या पायरीपासून चढायची गरज आहे असं धरून चालू नका. आधीच्या स्पर्धांचे निकाल आणि व्हिडिओ घेऊन जा आणि योग्य लेव्हलसाठी पिटिशन करता येईल का ते क्लबला विचारा. हा अर्ज क्लबमार्फत जातो, पालकांनी परस्पर करायचा नसतो.

पायरी 6: टॉप्स, होप्स आणि मग क्वालिफायर

वेगळ्या वाटेने जायचंच असेल तर ती वाट लेव्हल गाळण्याची नसून ही आहे. टॉप्स म्हणजे टॅलेंट ऑपॉर्च्युनिटी प्रोग्रॅम, साधारण 7 ते 10 वर्षांच्या मुलींसाठी. यात दोरीवर चढणं, प्रेस हँडस्टँड, लेग लिफ्ट, हँडस्टँड धरून ठेवणं अशी ताकद-लवचिकतेची चाचणी असते. उन्हाळ्यात स्थानिक पातळीवर आणि त्यातून निवडलेल्यांची नंतर राष्ट्रीय पातळीवर. लेव्हल 4 खेळणारी मुलगीही टॉप्सची तयारी करू शकते. मला विचाराल तर सात-आठ वर्षांच्या मुलीला एक लेव्हल वर चढवण्यापेक्षा टॉप्सच्या तयारीतून जास्त मिळतं, मग ती चाचणीत निवडली जावो वा न जावो.

होप्स हा त्यानंतरचा, ज्युनियर एलिटच्या अलीकडचा टप्पा. त्यापुढे एलिट क्वालिफायर, मग क्लासिक स्पर्धा, मग यूएस चॅम्पियनशिप्स. तिथे ज्युनियर आणि सिनिअर मिळून काही डझन मुली असतात, अख्ख्या देशातून. गुण कमी पडले तर लेव्हल 10 खेळत राहून पुन्हा प्रयत्न करता येतो. एलिटमधून परत लेव्हल 10 ला येण्यातही कमीपणा नाही. केटलिन ओहाशी ज्युनियर एलिट गाजवून, दुखापतींनंतर लेव्हल 10 ला परतली आणि पुढे यूसीएलएकडून खेळताना तिचं परफेक्ट टेनचं फ्लोअर रुटीन 2019 मध्ये जगभर पाहिलं गेलं.

पायरी 7: हाडांकडे लक्ष ठेवा

घाईची किंमत इथे मोजावी लागते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी ग्रोथ प्लेट असतात, म्हणजे मऊ, अजून पक्क्या न झालेल्या जागा. जिम्नॅस्ट मुलींमध्ये मनगटाची ग्रोथ प्लेट दुखावणं इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर त्याला जिम्नॅस्ट रिस्टच म्हणतात. टाचेत सेव्हर्स, गुडघ्याखाली ऑसगुड-श्लाटर, कमरेत मणक्याचं स्ट्रेस फ्रॅक्चर, कोपरात कूर्चेचा आजार. ही नावं ऐकून ठेवा. मागे वाकताना कंबर दुखते असं मुलगी दोन-तीन आठवडे म्हणत असेल तर बर्फ लावून मीटला नेऊ नका, खेळाडूंच्या डॉक्टरकडे न्या. कोपर पूर्ण सरळ होत नसेल तरीही तेच.

उंचीचा झपाटा आला की महिनाभरापूर्वीची स्किल्स अचानक सुटतात, भीती शिरते. बारा-तेराव्या वर्षी हे बहुतेकींचं होतं आणि तेव्हा वर ढकलण्याऐवजी कोच रुटीन सोपं करत असेल तर त्याचं ऐका. पाळी लांबणं किंवा थांबणं, सतत थकवा, कमी खाणं यांना ‘खेळाडूंचं असंच असतं’ म्हणून सोडून देऊ नका.

पायरी 8: घराचा हिशोब

लेव्हल 4 ला आठवड्याचे नऊ-बारा तास, लेव्हल 9-10 ला वीस-पंचवीस, एलिटला तीस आणि त्याहून जास्त. पुढे अनेक घरं ऑनलाइन शाळेकडे वळतात. महिन्याच्या फीखेरीज मीट फी, लिओटार्ड, वॉर्मअप, विमानप्रवास, हॉटेल आणि कोचच्या प्रवासखर्चातला वाटा येतो. क्लबकडून पूर्ण वर्षाचा लेखी अंदाज मागा, आणि दुसरं मूल असेल तर त्याच्या शनिवार-रविवारचं काय होणार हेही आत्ताच ठरवा.

पायरी 9: लेव्हल 10 ला दुय्यम मानू नका

कॉलेजमधले बहुतांश जिम्नॅस्ट लेव्हल 10 मधून येतात. एनसीएएचे, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेचे, नियमही लेव्हल 10 वरच बेतलेले आहेत, गुण दहापैकी. डिव्हिजन 1 चे, म्हणजे कॉलेजच्या सर्वांत वरच्या गटातले, कोच मुलीशी थेट संपर्क साधू शकतात ते दहावीचं वर्ष, म्हणजे सोफोमोर इयर, संपल्यावर 15 जूनपासून. त्यामुळे तेराव्या वर्षी एलिट न झालेल्या मुलीचं काहीही हुकलेलं नसतं. 2021 मध्ये कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून कमाई करायची मुभा मिळाल्यापासून ऑलिंपिक आणि कॉलेज यांतलं एकच निवडायची वेळही टळलीय: सुनी ली ऑबर्नकडून, कॅरी ओरेगन स्टेटकडून आणि चाइल्स यूसीएलएकडून खेळली, आणि तिघीही पॅरिसला पुन्हा ऑलिंपिक संघात होत्या.

येत्या आठवड्यात करायची कामं तीनच: नियमपुस्तिकेतला मोबिलिटीचा भाग वाचा, क्लबच्या लेव्हल 9-10 च्या मुलींचा एक सराव बघून या, आणि कोचला भेटीसाठी ईमेल टाका. ईमेलमध्ये ‘एलिट’ हा शब्द लिहू नका. तो विषय भेटीत कोचच्या तोंडून निघाला तर बोलायला बरंच काही असेल.